एकतीस दारं, तीन कागद

माझा मामेभाऊ न्यांदांग जागेपणीही अर्धा झोपेतच असतो. सिबू शहरात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर तो तीस वर्षं कॉम्प्युटरवर नकाशे काढतोय. शाळा, दवाखाने, चिनी व्यापाऱ्यांचे बंगले. खालून पावाचा वास येत असतो आणि वर हा काळ्या पडद्यासमोर माऊसचं चाक फिरवत बसलेला असतो. चाक पुढे फिरवलं की घर जवळ येतं, मागे फिरवलं की काडेपेटीएवढं होतं. एकदा मी त्याला जेवायला बोलवायला गेले आणि बराच वेळ मागे उभी राहिले, तरी पठ्ठ्याला पत्ता नाही.

"कुठे होतास रे?"

"जिन्यात," तो म्हणाला. जिना पडद्यातला होता.

त्याचं काम त्याने मला एकदाच समजावलं. "आत घर अख्खं असतं, खऱ्या मापाचं. कागदावर घर नसतंच, ताई. कागदावर मी फक्त खिडक्या लावतो. कुठल्या खिडकीतून, किती लांबून बघायचं ते ठरवतो."

फेब्रुवारीत गावी नदीकाठचं आमचं लांबघर जळालं. एका छपराखाली शेजारी शेजारी एकतीस कुटुंबं, समोरून सगळ्यांची मिळून एकच ओसरी. भर दुपारी दीड तासात राख झाली. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये आलो. नव्या घराला सरकारी ऑफिसकडून मदत मिळणार होती, पण नकाशा ठरलेल्या मापाच्या कागदांवर हवा आणि खाली प्रत्येक कुटुंबाचा अंगठा हवा. मुदत शुक्रवारची. ती चुकली की गोष्ट वर्षभर पुढे गेली. सहा कुटुंबांनी पामच्या मळ्यावर राहायला जायचं बोलून ठेवलं होतं, आणि गेलेलं कुटुंब परत येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. मुखिया गेराम याची कागदपत्रं मीच सांभाळते, त्यामुळे शुक्रवार चुकला तर बोल मलाच लागणार होता.

न्यांदांगला या घरात दार उरलं नव्हतं. आईबाप गेले, खोली बहिणीकडे आली, बहीण नवऱ्याच्या घरी गेली. तरी नकाशा त्याने आपणहून काढला.

घर दोनशे मीटर लांब. एकास शंभर प्रमाणात काढायचं म्हणजे दोन मीटर कागद, आणि चालणारा कागद जेमतेम पाऊण मीटरचा. म्हणून त्याने तीन कागदांवर तीन खिडक्या लावल्या. रविवारी बोटीने आला, चटईवर कागद पसरले. बायका आपापलं दार शोधून आपली चूल कुठे ते बघत होत्या. तांदळाची दारू फिरली. मला वाटलं, सुटलो.

सोमवारी सकाळी इंदाई सुलाऊ उठून बसली. इंदाई म्हणजे आई; आमच्यात बाईला पोराच्या नावावरून हाक मारतात. तिचा सुलाऊ लाकडाच्या तराफ्यावरून नदीत पडून गेला, त्याला वीस वर्षं झाली, तरी नाव तेच. अकराव्या दारात ती एकटीच राहायची. एकट्या म्हातारीला अख्खी खोली कशाला, असं मध्यंतरी कुणीतरी कुजबुजलं होतं. ते तिच्या कानावर गेलं नसेल असं समजायला आम्ही काही खुळे नाही.

"मला स्वप्न पडलं," ती म्हणाली. "घर नदीतून वाहत चाललं होतं. तीन तुकडे झालेले. अलीकडच्या तुकड्यावरून लोक हात हलवत होते, पलीकडच्यावरूनही. मी मधल्या पाण्यात."

गेरामने हातातला कप खाली ठेवला. असं स्वप्न पडल्यावर आमच्यात एकही खांब जमिनीत जात नाही. त्यावर वादही कुणी घालत नाही.

न्यांदांग तिच्याजवळ जाऊन बसला. "इंदाई, घर तुटलेलं नाही. आत ते एकच आहे. या नुसत्या तीन खिडक्या आहेत."

"दोन खिडक्यांच्या मध्ये भिंत असते, पोरा. मी त्या भिंतीत आहे."

तिला दाखवायला तो कागदावर वाकला आणि तसाच राहिला. पहिल्या कागदावर तिचं दार होतं, चूल होती, आणि तिथे कागद संपत होता. दुसरा कागद बाराव्या दारापासून सुरू होत होता. पलीकडच्या भिंतीलगत जिथे ती चटई टाकायची, ती हातभर जागा कुठल्याच कागदावर नव्हती.

तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे. खिडकी लावली की तिला कुलूप घालायचं असतं. मी घातलं नाही. नंतर एक अक्षर सुधारायला आत गेलो, सवयीने चाक फिरवलं, आणि घर खिडकीत सरकलं."

"तीस वर्षं दुसरं करतोयस काय?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. इंदाई हसली नाही.

"मग माझं स्वप्न त्या चाकाने पाडलं का?" तिने विचारलं. त्याने कागद गोळा करायला घेतले. मला त्याची फार दया आली.

तो सिबूला गेला आणि गुरुवारी सकाळी परत आला. या वेळी कागदांच्या टोकाला असलेली कुटुंबं त्याने दोन्ही कागदांवर घेतली होती. शिवाय गुंडाळीच्या कागदावर छापलेली एक लांब पट्टी आणली होती, पहिल्या दारापासून एकतिसाव्यापर्यंत सलग. ऑफिसला ती चालणार नव्हती. ती आमच्यासाठी होती. शेडच्या जमिनीवर ती उलगडली, कडेला कप ठेवले, तेव्हा सगळे पाय आखडून मागे सरकले.

"मी दोन कागदांवर आहे?" इंदाईने विचारलं.

"हो. एक हरवला तरी दुसऱ्यावर राहशील."

तिने दोन्ही कागदांवर आपलं दार बोटाने शोधलं. "पण वाईट स्वप्नावर अंगठा उठवता येत नाही. दुसरं पडायला हवं."

"मग झोप ना," गेराम म्हणाला. "पहाटे बोट आहे."

भर दुपारी एकतीस कुटुंबं एका म्हातारीला झोपवायला बसली. रेडिओ बंद केले. कोंबड्या हाकलल्या. गेरामला खोकला आला तर बायकोने त्याला बाहेर काढलं. इंदाई त्या पट्टीशेजारी कुशीवर पडली आणि न्यांदांग पुठ्ठ्याने तिला वारा घालत राहिला. आम्ही बाकीचे लांब, शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. पत्रा तापला होता, नदी सावकाश चालली होती. आपण सगळेच कुणाच्या तरी झोपेत बसलोय असं मला वाटायला लागलं.

तासाभराने ती उठली.

"घर उभं होतं," ती म्हणाली. "इतकं लांब, की दुसरं टोक दिसेना. एक माणूस पहिल्या दारापासून निघाला. प्रत्येक दारातून कुणीतरी हाक मारायचं, ये, जेवून जा. तो बसायचा, एक घास खायचा, पुढे जायचा. माझा सुलाऊ दारात ताट पुसत होता. त्यानेही हाक मारली. शेवटच्या दाराशी पोचेपर्यंत माणूस म्हातारा झाला, तरी त्याचं पोट भरलं नव्हतं."

मला रडू आलं. गेरामने शाईचा डबा उघडला, आणि पहिला अंगठा इंदाईचा पडला.

शुक्रवारी पहाटे मी आणि न्यांदांग कागद घेऊन सिबूला निघालो. बोटीतच उजाडलं. मग मी म्हटलं, "नशीब, म्हातारीला झोप लागली."

"ती झोपलीच नाही," तो म्हणाला. "पट्टीवर बोट ठेवून एकेका दारातल्या माणसांची नावं घेत होती. मेलेल्यांचीसुद्धा. मग मला हळूच म्हणाली, पोरा, कुठलं स्वप्न सांगू म्हणजे हे लोक बांधायला लागतील?"

"मग?"

तो नदीकडे बघत होता.

"मग मी माझं दिलं. सिबूला राहायला गेल्यापासून पडतंय. सुलाऊ तेवढा तिचा."