तांबड्या लुगड्यातली बाई

आमच्या डिचोलीच्या घरात बाहेरच्या खोलीत पणजोबांच्या आईचं तैलचित्र होतं. एकोणिसाव्या शतकातलं. सही नाही, काच नाही. चतुर्थीला आणि घरातल्या लग्नाआधी खोबरेल तेलाचा बोळा फिरवून ते चकचकीत करायचं आणि कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू चिकटवायचं, अशी रीत. बाई अहेवपणी, नवऱ्याच्या आधी गेली असं सांगत, म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला पहिलं कुंकू तिच्या कपाळावरचं, तेही सुवासिनीच्या हातून. तेलानं आणि समईच्या काजळीनं तिचं लुगडं काळपट झालं होतं. त्याला सगळे शालू म्हणत.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी मुंबईला चित्रकला शिकून आले होते आणि शाळेत पोरांना आंबे-कलश काढायला शिकवत होते. धाकट्या भावाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. वडील जाऊन तीन वर्षं झालेली, त्यामुळे मुलाच्या लग्नात आईनं स्वयंपाकघरातच राहायचं, हे मोठ्या काकांनी न बोलता ठरवलं होतं आणि आईनं न बोलता मान्य केलं होतं. मला त्याचा भयंकर संताप यायचा. तो मी भांडी आपटून काढायचे, दुसरं काही करत नव्हते.

काकांनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली तेव्हा मी म्हटलं, तेल नको, मी नीट साफ करते. ते नाखुशीनंच तयार झाले.

"कर. पण तोंडाक हात लावू नको," त्यांनी बजावलं.

काजळी काढायला थुंकीसारखं दुसरं काही नाही, हे मला कॉलेजात शिकवलेलं. पण घरच्या पितरांना उष्टी थुंकी लावताना काकांनी पाहिलं असतं तर मला त्याच वाटेनं मुंबईला धाडलं असतं. म्हणून दुपारी सगळे लवंडले की दाराला कडी घालून मी बसायचे. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा, बोटभर जागेवर घासायचा. कापूस काळा व्हायचा आणि खालून रंग वर यायचा.

आणि काय रंग! तो चित्रकार सावलीत काळा वापरतच नव्हता. लुगड्याच्या खोल चुण्यांत त्यानं शेवाळी तपकिरी भरला होता, वरच्या कडांवर पातळ नारिंगी ओढला होता, त्यामुळे मधला तांबडा कापडासारखा जड वाटत होता. त्या तांबड्याची झाक हनुवटीखाली चढली होती. गळ्याच्या सावलीत चक्क हिरवट छटा होती, आणि तिच्यामुळेच कातडी जिवंत दिसत होती. मला शिकवणाऱ्यांपैकी एकाचीही एवढी छाती झाली नसती. तिसऱ्या दिवशी मला तोंड सोडवेना. मी जात्याच उतावळी. बांबूच्या चिपेनं कपाळावरचं मेण उचललं आणि त्याखाली कापूस फिरवला.

कापूस लाल झाला.

चित्रकारानं रंगवलेलं कुंकूच मी पुसून टाकलं की काय? लग्न परवावर. खिडकी उघडून मी भिंग लावलं. कपाळावर तीच हिरवट सावली होती आणि कुंचल्याचे फटकारे या भुवईपासून त्या भुवईपर्यंत सलग, न तुटलेले होते. मी काहीही पुसलं नव्हतं; कापसाला लागलं ते मेणाखाली मुरलेलं वर्षानुवर्षांचं कुंकू. तिथं कुंकू कधी नव्हतंच. मग मी मनगट पाहिलं. ज्यांना आम्ही बांगड्या समजत होतो ते तेलाचे ओघळ होते. आणि शालूला काठच नव्हता.

कडी वाजली. काका होते, मागे चहा घेऊन आई. दार उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आईनं पेला खाली ठेवला आणि चित्राजवळ गेली. "ह्यां आलवण आसा," ती म्हणाली. "माझ्या आजयेच्या आंगार बघलंय मी."

काकांनी आलवण म्हणजे काय हे विचारलं नाही. बिनकाठी तांबडं लुगडं विधवेचं, हे त्यांच्या पिढीत कोणाला सांगावं लागत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले, "कुंकू परत लाव. कोणाक काय सांगूची गरज नाय."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. काकांसमोर तिनं मान वर केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"विधवेच्या कपाळावरचां कुंकू इतकी वर्सां ह्या घरात चल्लां, भावजी. मग माझ्या हातचां कित्याक नको?"

काका पडवीत जाऊन बसले. दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. मी चित्राला कुंकू लावलं नाही.

वरात घरी आली तेव्हा आई कुंकवाचा करंडा घेऊन चित्राखाली उभी होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी "अगो..." म्हणून थांबली. सगळ्यांचे डोळे काकांकडे वळले आणि काका जमिनीकडे बघत राहिले. धारगळहून आलेल्या नवरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. सासू समोर दिसली, तिनं मान पुढे केली. आईचा हात इतका थरथरत होता की कुंकू नाकावर, गालावर सांडलं. कोणीतरी पुसायला पदर पुढे केला, तेव्हा नवी सून म्हणाली, "ऱ्हवंदे. आईंनी लायलां."