चोवीस तासांत उघडलेला जार

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

नंदुरबारकडच्या एका दवाखान्यात मी लॅब सांभाळतो. जंतू वाढवायचे, कुठल्या औषधाने मरतात ते बघायचं, रिपोर्ट लिहायचा. माणूस चोख आहे, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

मणिबेलीची सुरकीबाई आली तेव्हा तिचं आतडं फुटून तीन दिवस झाले होते. नवरा जामसिंग तिला आधी होडीने, मग जीपने घेऊन आला होता. ऑपरेशन झालं, पोटातला पू सिरिंजमध्ये भरून माझ्याकडे आला. काय तो वास! वासावरूनच कळलं — हे हवेशिवाय वाढणारे जंतू. असा पू पसरलेली काचेची प्लेट हवाबंद जारमध्ये ठेवायची आणि अठ्ठेचाळीस तास झाकणाला हात लावायचा नाही. मध्येच हवा लागली की मेले. हे इतरांना दरडावून कोण सांगतं? मीच.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याला भाचीचा साखरपुडा. ताईचा फोन — "भाऊ, तुन्हाबिगर कसा व्हई?" तिथेच मुक्काम करायचा, मग जार कोण बघणार? निघायच्या आधी सकाळीच उघडला. प्लेट कोरी. कोरीच असणार की — चोवीस तासांत काय उगवणार होतं? मी लिहिलं, वाढ नाही. आणि श्रीखंड खायला गेलो.

डॉक्टरांनी रिपोर्टवर विश्वास ठेवला. या जंतूंवरचं औषध तिला सोसत नव्हतं, सारख्या ओकाऱ्या व्हायच्या. ते बंद केलं. पाचव्या दिवशी पोटात पुन्हा पू झाला. सातव्या दिवशी ती गेली.

जार पूर्ण वेळ बंद होता ना, डॉक्टरांनी विचारलं. हो म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण भित्रा माणूस थांबतो कुठे? त्याला दुसऱ्याची मान लागते. मनाई असताना जामसिंगने तिला ज्वारीची पेज पाजली, असं नर्स बोलली होती. व्हरांड्यात, त्याला ऐकू जाईल असं, मी म्हणालो, "पेज पाजली ना यांनी. मग पोट सडणारच."

तो उठून माझ्यापाशी आला. "दोनच चमचे दिली, साहेब. भूक लागली बोलली."

मी काय केलं? त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माफ केल्यासारखा! लाज वाटते लिहितानाही.

मागच्या महिन्यात तो मुलीला घेऊन आला, रक्त तपासायला. पोरगी पार वाळलेली. सवयीने बोलून गेलो, पेज-बिज देत जा हिला. तो म्हणाला की हिची आई गेल्यापासून घरात पेज शिजत नाही. पोरीने मागितली तरी तो शिजवू देत नाही.

तेव्हा तरी सांगायचं. समोरच तर बसला होता. मी पोरीचा दंड बांधला, शीर शोधली, रक्त काढलं, आणि पुढचा नंबर पुकारला.