भोये गुरुजींनी मला विचारलं तेव्हा

जामसरच्या पुढे ज्या पाड्यावर माझी पहिली नेमणूक झाली, तिथल्या शाळेला दार नव्हतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. नेमणुकीचा कागद हातात घेऊन मी चौकटीत उभा राहिलो, तर आत एक बुटका, काटक माणूस काळ्या रंगाने रंगवलेल्या लांबलचक फळीवर पाढा लिहीत होता. ती फळी म्हणजेच शाळेचं दार. आणि तो माणूस म्हणजे भोये गुरुजी, आमच्या दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक.

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलंच, "गुरुजी, दार कुठंय?"

"त्याच्यावर सातचा पाढा हाय, साहेब. पुसू का?"

बंद जागा त्यांना सोसत नसे. तालुक्याच्या बैठकीत ते उंबऱ्याजवळ बसत. जीपमध्ये मागच्या बाजूला, पाय बाहेर सोडून. "बसायचा तर असा बसायचा, सर, का उठताना कोणाला इचारायला नको." मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी मला ते सरच म्हणत. संध्याकाळी ओट्यावर मी वाचत बसलो की त्यांची थट्टा सुरू व्हायची. "एवढा वाचता, मंग बोलत का नाय? कणगीत भात भरल्यागत आत भरून ठेवता काय?" आवणीच्या दिवसांत ते सकाळी शाळेआधी आणि दुपारी शाळेनंतर स्वतःच्या खाचरात वाकलेले असायचे. चिखलात कमरेतून वाकून रोप लावणारे मुख्याध्यापक मी तोवर पाहिले नव्हते.

माझं नववं वर्ष चालू असताना त्यांना शौचातून रक्त जाऊ लागलं. मूळव्याध समजून त्यांनी झाडपाला घेतला. मग जानकीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला मध्ये घातलं आणि आम्ही नाशिकला एका डॉक्टरांकडे गेलो. गुदद्वाराच्या थोडं वर, बोराएवढी गाठ होती. तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, "वरच्या थरातच असेल तर दुर्बिणीतून काढू. पोट उघडायला नको, दोन दिवसांत घरी." तारीख दिली. आदल्या दिवशी काही खायचं नाही, फक्त पाणी, आणि पोट साफ होण्याची पावडर. तो कागद मी गुरुजींना दोनदा वाचून दाखवला.

तारखेच्या आदल्या दिवशी निघताना वहिनींनी नागलीच्या आंबिलीचा डबा माझ्या हातात दिला. त्या घरातून गावाला निघालेलं माणूस रिकाम्या पोटी सोडत नसत. मी म्हणालो, "वहिनी, कागदावर लिहिलंय..."

"आंबील काय जेवण हाय का सर? पाणीच ते."

गुरुजीही म्हणाले, "आंबिलीला कोण खाणा म्हणतो?" मला पुढे बोलायला हवं होतं. मी डबा पिशवीत ठेवला. मोखाड्याला एसटी थांबली तेव्हा त्यांना मीच पेल्यात ओतून दिली. मुक्कामाला पोचल्यावर पावडर घेऊन झाली, तेव्हा उरलेलीही त्यांनी संपवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर चिडून बाहेर आले, मागोमाग गुरुजी. आतड्याला सगळीकडे तपकिरी कोंडा चिकटला होता. "काय खाल्लं होतं?"

"काय नाय साहेब. उपाशी हाय. आंबील तेवढी पिलो."

"अशा घाणीत गाठ काढायला गेलो आणि आतडं फाटलं तर?" डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. त्या तारखेला पावसाने घाटातला रस्ता खचला. त्यानंतर आवणी आली आणि गुरुजी म्हणाले, "एवढा रोप लावून घेऊ." असे दोन महिने गेले. मग गाठ दुर्बिणीतून निघाली. या वेळी वहिनींनी आंबील घोटभरही दिली नव्हती.

आठवड्याने अहवाल आला. काढलेल्या तुकड्याच्या खालच्या कडेपर्यंत रोग पोचला होता. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आत काही राहिलं असेल, नसेलही. ऑपरेशन केलं तर तेवढा भाग आणि रोग जिथे आधी पसरतो त्या आसपासच्या लसिकाग्रंथींच्या गाठीही काढता येतील, आणि त्यांचा सल्ला तोच होता. पण जागा इतकी खालची, की शौचाची वाट पोटावर काढावी लागणार. कायमची पिशवी. नसेल करायचं, तर दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघत राहायचं.

"दुर्बिणीत नाय दिसला म्हंजे नाय ना?" गुरुजींनी विचारलं.

"भिंतीच्या आतलं दिसतं. भिंतीपलीकडच्या गाठींचं मी सांगू शकत नाही."

"आणि पयल्या वेळीच काढली असती तर?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. मी टेबलाकडे बघत होतो.

बाहेर येताच वहिनी म्हणाल्या, "पिशवी तर पिशवी. आवणी मी करीन. तुम्ही बांधावर बसा नि मला शिव्या द्या."

गुरुजी हसले नाहीत. स्टँडवर वहिनी पाणी भरायला गेल्या, तेव्हा ते म्हणाले, "पोटाला पिशवी बांधून मी पोरांपुढे कसा उभा राहू? आयुष्यभर तिच्यात अडकून बसायचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमचा पोट असता तर काय केला असता?"

अहवाल आल्यापासून मी त्या रोगावर मिळेल ते वाचलं होतं. डॉक्टरांचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. 'ऑपरेशन करा' हे शब्द अगदी ओठांशी आले होते. पण दोन महिन्यांपूर्वी आंबील ओतून देणारा मी, आता त्यांचं पोट कापा असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मी म्हणालो, "दुर्बिणीने लक्ष ठेवता येतंच की, गुरुजी."

त्यांनी मोठा श्वास सोडला. वहिनी आल्यावर म्हणाले, "सर पण तेच म्हणतात. दुर्बीणच बरी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "सर म्हणतात?" मी मान डोलावली. "सर म्हणतात तर बरा."

पुढची दोन वर्षं आम्ही दर तीन महिन्यांनी नाशिकला जात होतो. दर वेळी आतून स्वच्छ. परतताना त्र्यंबकला पेढे घ्यायचे आणि एसटीत वाटायचे. गुरुजी कंडक्टरला म्हणायचे, "घ्या, डॉक्टर नापास झाला." लोक हसायचे, मीही हसायचो, आणि पुढच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजायचो.

मग त्यांचा डावा पाय सुजला. या वेळीही दुर्बिणीत काही दिसलं नाही. स्कॅन केला, तर रोग भिंतीपलीकडच्या गाठींमध्ये वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यासारखं राहिलं नाही.

शाळा सुटली की मी त्यांच्या घरी जाऊन बसायचो. एका दुपारी वहिनी विहिरीवर गेल्या होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "गुरुजी, त्या दिवशी स्टँडवर मी खरं बोललो नाही. तुम्ही ऑपरेशन करावं असंच मला वाटत होतं."

"ठाऊक हाय," ते डोळे न उघडता म्हणाले.

"मग मला का विचारलंत?"

"हिला इचारला असता तर ती 'करा' बोलली असती. डॉक्टर 'करा' बोलला. तुम्ही समोरच्याला नाय म्हणत नाय, ते मला पयल्या दिसापासून ठाऊक. म्हणून तुम्हाला इचारला." त्यांना दम लागला. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी हाताने बाजूला सारलं. "हिला सांगू नका, सर."

आठ दिवसांनी ते गेले.

नवा भात निघाला की वहिनी अजून माझ्या घरी तांदूळ पाठवतात. पाड्यावर सगळ्यांना त्या सांगतात, "सरांनी बरोबर सांगितला, म्हणून पोट फाडल्याबिगर आणखी दोन वर्षं भेटली." त्या हे माझ्यासमोरही सांगतात. मी त्यांना अजून एकदाही अडवलेलं नाही.