पाणकर समुद्रावर

समुद्र पाहायला आम्ही गोंदियाहून निघालो तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि आमच्या घरात समुद्र पाहिलेलं कोणीच नव्हतं. त्याचं आम्हाला कधी वाईटही वाटलं नव्हतं. आमच्याकडे गावागणिक तलाव, त्यामुळे पाण्याचं अप्रूप असं नाहीच. पण बायकोच्या शाळेतली एक बाई सुट्टीत तारकर्लीला जाऊन आली. पाण्याखाली माशांच्या मधोमध तरंगतानाचा स्वतःचा फोटो तिनं सगळ्या स्टाफरूमला दाखवला, आणि तेव्हापासून गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरच्या आमच्या घरात स्कूबा हा शब्द रोजच्या जेवणातला झाला.

बायको स्वतः उतरणार नव्हती. तिला मला उतरलेलं पाहायचं होतं. दोष माझाच. लग्न झाल्यापासून मी तिला ऐकवत आलो होतो की मी पाणकराचा पोरगा आहे, पाणी मला नवीन नाही. गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणाऱ्या माणसाला मोठेपणा सांगायला दुसरं काही नसतं, म्हणून हे एकच मी पुन्हा पुन्हा सांगायचो.

पाणकर म्हणजे गावतलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा माणूस. सौंदडजवळच्या आमच्या गावात ते काम माझ्या बापाकडे होतं. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, आतून एक दगडी पायऱ्यांचं बांधकाम असतं, त्याला तुडुम म्हणतात. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटा ठोकलेला. खुंटा काढला की पाणी पाटात आणि पाटातून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. वरचे खुंटे कोणीही काढेल. पाणी उतरलं आणि खालच्या भोकाची पाळी आली, की बुडी मारायला बा लागायचा.

त्यानंच मला बुडी शिकवली. आमच्या तलावाचं पाणी गढूळ, आत हातभरावरचं दिसत नाही. म्हणून पहिला धडा डोळे मिटायचा. उघडे ठेवले तर माणूस अंधाराला भितो आणि भ्यायला की त्याचा दम जातो, असं बा म्हणायचा. दुसरा धडा दम रोखायचा. मी पायरीचा दगड धरून पाण्यात बसायचो आणि बा वर आकडे मोजायचा. साठच्या पुढे गेलो त्या दिवशी त्यानं मला बाजारात नेऊन जिलेबी खाऊ घातली होती. ते दिवस आठवले की अजूनही मला लहान व्हावंसं वाटतं. थंडगार पाणी, शेवाळाचा वास आणि वरून बापाचा आवाज.

तिसरा धडा मात्र नियम होता, आणि तो सगळ्या गावाला लागू होता. तुडुमावर एका वेळी एकच माणूस उतरणार. तो वर येऊन पाळीवर बसत नाही आणि स्वतःच्या तोंडानं ‘माझं झालं’ म्हणत नाही, तोवर दुसऱ्यानं पाण्यात पाय घालायचा नाही. कारण साधं आहे. डोळे मिटलेली दोन माणसं खाली एकमेकांना धरून बसली तर दोघंही वर येत नाहीत. पण नियमात अदबही होती. उतरलेल्या माणसाला जमलं की नाही, हे दुसऱ्या कोणी ठरवायचं नाही.

तो नियम मी मोडला. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि कॉलेज संपवून घरी आलो होतो. बा नुकताच टायफॉइडमधून उठला होता. धान गर्भात आलं होतं, पावसानं पाठ फिरवली होती आणि खालच्या भोकाचा खुंटा पाणी पिऊन फुगून बसला होता. पाळीवर निम्मं गाव उभं. बा एकदा गेला, रिकामा आला. दुसऱ्यांदा गेला, रिकामा आला. तिसऱ्यांदा वर आला तो पायरी धरून तसाच छातीभर पाण्यात धापा टाकत राहिला. लोक कुजबुजायला लागले. मी अंगातला शर्ट काढला आणि बापाकडे न बघता त्याच्या बाजूनंच उडी मारली. खुंटा पहिल्याच हिसक्याला हातात आला. मी वर आलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, पाटाला पाणी लागलं होतं आणि बा पाळ उतरून घराकडे चालला होता.

त्यावर तो मला एक शब्द बोलला नाही. पुढच्या हंगामात त्यानं काम दुसऱ्याकडे दिलं. नंतर तर तुडुमाला लोखंडी दारच बसलं आणि बुडी मारायचं कामच उरलं नाही. पण बा त्या दिवसानंतर तलावात कधी उतरला नाही. आंघोळसुद्धा बोअरिंगवर करायचा. आमचं बोलणं बंद झालं नाही, पण बी-बियाणं, तब्येत आणि पाऊस याच्या पलीकडे ते कधी गेलं नाही. वीस वर्षं मी रोज मनातल्या मनात त्याची माफी मागत होतो आणि रोज टाळत होतो.

म्हणून त्याला सोबत न्यायचं मीच ठरवलं. आई गेल्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता, असं मी बायकोला कारण दिलं. खरं कारण मला त्याला पुन्हा पाण्यापाशी न्यायचं होतं. माझ्या लॅबच्या शेजारी बसणाऱ्या डॉक्टरांकडून त्याची तपासणी करून पत्रही घेतलं, त्रेसष्ट वर्षांचा माणूस म्हटल्यावर कोणी अडवेल म्हणून. त्याला मात्र काही सांगितलं नाही. समुद्र पाहायला जाऊन राहिलो, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, चला. आणि पिशवीत पाच किलो तांदूळ भरून घेतला, कारण तिकडे काय मिळेल याचा भरवसा नव्हता.

दिवसभर, रात्रभर आणि वर पुन्हा अर्धी सकाळ रेल्वेत काढून आम्ही कोल्हापूरला उतरलो, तिथून एसटीनं मालवण. रिसॉर्टमध्ये रात्री ताटात भात आणि माशाचं सार आलं तेव्हा बा खूश झाला. इतक्या लांब येऊन आपलेच लोक भेटले असं त्याचं मत पडलं. तांदळाची पिशवी त्यानं तशीच पलंगाखाली सरकवली.

समुद्राबद्दल त्याचं मत तितकं चांगलं नव्हतं. तो काठाशी बराच वेळ उभा राहिला, एक बोट बुडवून चाखलं, थुंकला. मग इकडून तिकडे पाहत पाळ कुठे आहे असं मला विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं मान हलवली. एवढा पानी आन् एका बांधीच्या कामाचा नाही, म्हणाला. डिसेंबर होता. आमच्याकडे त्या दिवसांत तलावात पाय घातला तर नडगी बधिर होते, आणि इथलं पाणी मात्र अंगावर घ्यावं इतकं कोमट. बा ते पाणी पायाशी खेळवत राहिला. मी ते पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून निघालो. बायको रिसॉर्टच्या व्हरांड्यात मोबाइल घेऊन सज्ज होती, फोटो आल्याबरोबर शाळेच्या ग्रुपवर टाकायला. होडीत आम्ही दोघं, नागपूरचं एक नवरा-बायकोचं जोडपं आणि पाण्याखाली नेणारा मालवणचा प्रशिक्षक. मी बापाला विचारलं, उतरतोस का? तो म्हणाला, पाहू. पण काळा रबरी पोशाख त्यानं मुकाट्यानं चढवून घेतला, आणि मला आतून उकळ्या फुटल्या.

प्रशिक्षकानं सगळं नीट समजावलं होतं. तोंडात नळी, पाठीवर हवेची टाकी, नाक चष्म्यात बंद. तोंडानं श्वास घ्यायचा, तोंडानं सोडायचा, आणि काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही. मी सगळ्यांत आधी मान डोलावली. अर्थात, पहिल्यांदा उतरायचा मानही मीच मागून घेतला.

पाणी डोक्यावरून गेलं आणि वीस वर्षांत कधी न लागलेली जुनी सवय क्षणात परत आली. डोळे गच्च मिटले. दम रोखला. आणि मी, लॅबमधला सुशिक्षित माणूस, पाठीवर तासाभराची हवा बांधून मनात एक, दोन, तीन मोजायला लागलो. प्रशिक्षक खांद्यावर थापट्या मारत होता, मला वाटलं शाबासकी देतोय. त्यानं मला ओढून वर काढलं आणि अहो, श्वास घ्या, असं जरा चढ्याच आवाजात सांगितलं. चाळीस वर्षांत इतका सोपा सल्ला कोणी दिला नव्हता आणि तोही मला जमेना. दुसऱ्यांदा डोळे उघडले, तर ते निळं उघडं पाणी पाहून छातीच आवळली, आणि पुन्हा दम धरला गेला. ठसका लागून वर आलो, चष्म्यात पाणी, नाकातोंडात मीठ. होडीच्या कडेला लोंबकळत मी खोकत राहिलो.

नागपूरचे पाहुणे घड्याळ पाहायला लागले होते. प्रशिक्षक माणूस चांगला, त्यानं मला लाजवलं नाही. असं पुष्कळांचं होतं, म्हणाला, तुम्ही वर बसून विश्रांती घ्या, तोवर काका येऊ देत. आणि बापासाठी हात पुढे केला. बा टाकी पाठीवर घेऊन कडेला तयार बसला होता.

तो हलला नाही.

“त्याचा झाला नाही अजून,” तो म्हणाला.

प्रशिक्षकानं समजावलं की यांना नंतर पुन्हा नेतो, वेळ जातो आहे, बाकीचे थांबले आहेत. बापानं ऐकून घेतलं आणि तेच पुन्हा सांगितलं. तो स्वतःच्या तोंडानं सांगेल, तवपर्यंत मी बसलो आहो. हे सगळं माझ्याकडे न पाहता. त्याची नजर पाण्यावर होती, तुडुमावर असायची तशी.

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की मी तिथेच पाण्यात दिसेनासा झालो असतो तर बरं झालं असतं. निम्म्या गावासमोर मी ज्याला एक श्वासभर थांबू दिलं नव्हतं, तो माझ्यासाठी तीन परक्या माणसांना अडवून बसला होता. रडू आलं. खाऱ्या पाण्यात ते कोणाला कळलं नाही, हेच एक बरं.

मग तो थोडा वाकला आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “दम सोड. इथं कोनी मोजून नाही राहिला.”

मी दम सोडला. खूप जुना असावा तो. नळीतून खरखरत हवा आली, मी ती घेतली, सोडली, पुन्हा घेतली, आणि तशीच घेत घेत प्रशिक्षकाचा हात धरून खाली गेलो. खाली काय होतं ते फोटोत आहेच. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, दगडांवर वाढलेलं काहीबाही, वरून झिरपणारं ऊन. फोटोत माझे डोळे बटाट्याएवढे आलेत. फोटोत नाही ते हे, की पाण्याखाली माणूस घाई न करता राहू शकतो, हे मला तिथे कळलं आणि वर यावंसं वाटेना.

वर आलो, होडीत चढून बसलो आणि म्हणालो, “माझं झालं.” बापानं मान हलवली आणि प्रशिक्षकाचा हात धरला.

तो बराच वेळ खाली होता. मी बुडबुडे मोजत होतो. वर आल्यावर प्रशिक्षक हसत होता. काकांनी एकदाही दम रोखला नाही म्हणाला, पण खाली प्रत्येक दगडाच्या फटीत हात घालून चाचपत होते, त्यांचा हात धरून धरून मी दमलो. त्यात काटे असतात, विषारी मासे असतात, पण ऐकतच नव्हते. बा चष्मा काढून डोळे चोळत होता. जन्मभर तलावाचा तळ चाचपलेला माणूस, पण पाण्याच्या आतला भाग त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता. पान्यात एवढा दिसते, मले माहीत नव्हता, एवढंच तो म्हणाला. परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा म्हणाला.

दुपारी व्हरांड्यात जेवायला बसलो. बायको फोटो पाठवायला आत गेली होती. बा भात कालवून माशाचे काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावत होता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“बा, त्या दिवशी मी उडी मारायला नको होती.”

कोणता दिवस ते त्यानं विचारलं नाही. हातातला काटा काढून झाला, तो घास खाल्ला, पाणी प्याला.

“तिसऱ्या डावाले खुंटा हालला होता,” तो म्हणाला. “पन चौथ्या डावाले गेलो असतो त वर आलो नसतो. दमच नव्हता अंगात. तू गेलास थे बरा केलास.”

वीस वर्षं मी ज्याची भीती धरली होती त्यातलं हे काहीच नव्हतं. त्यानं आणखी एक घास कालवला, पण तोंडात घातला नाही.

“इचाराले पायजे होता,” तो म्हणाला. “मी हो म्हनलो असतो.”