बुधरीचे दात

धानोऱ्याहून आत जाणारा रस्ता जंगलात शिरला की चौथं गाव लागतं. तिथं इसरू राहायचा. वनखात्यात तीस वर्षं वनमजूर म्हणून राबला, पण गावात त्याची ओळख वेगळी होती. इसरू म्हणजे बोलणारा माणूस. सोयरीक जुळवायची असो, बांधावरचं भांडण मिटवायचं असो, की ग्रामसभेत एखाद्या साहेबाला अडवायचं असो, लोक आधी त्याच्या अंगणात येत. त्याची बायको बुधरी मात्र चार शब्दांत दिवस काढणारी. आमच्या घरचं दोघांच्या वाटचं बोलणं मीच बोलतो, असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि बुधरी पदराआड हसायची.

त्याच्या तोंडाचा घात खर्ऱ्यानं केला. खालच्या ओठाआड सुपारी-तंबाखूची गोळी दिवसभर दाबलेली असायची. साठी गाठेपर्यंत खालचा एकही दात उरला नाही. बुधरीनं नातीच्या जन्माला खर्रा सोडला होता, पण तोवर तिचेही खालचे दात हलायला लागले होते; पुढं तेही एकेक करून गेले. इसरूनं तालुक्याला जाऊन कवळी करून आणली. ती हिरडीवर ठरेना. घास चावताना एका बाजूनं उचलायची, बोलताना जिभेवर यायची. सभेत लोक त्याला पुन्हा पुन्हा विचारू लागले, काय म्हणलं भाऊ? मग हळूहळू विचारणंही थांबलं. तो बोलत असताना लोक आपापसात बोलायला लागले, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

तशात नागपूरहून दातांच्या डॉक्टरांचं शिबिर आलं. मंजुषा नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं नीट समजावून सांगितलं. खालच्या जबड्यात, समोरच्या बाजूला, हाडात दोन बारीक स्क्रू बसवायचे. तीन महिने हाडाला ते घट्ट धरू द्यायचे. मग त्यांच्यावर कवळी बटणासारखी दाबून बसवायची, म्हणजे ती हलत नाही. रोज रात्री काढून धुवायची, एवढंच. काही निवडक पेशंटांचं हे काम फुकट होणार होतं. इसरू रांगेत सगळ्यात पुढं होता. बुधरी नुसती सोबत म्हणून आली होती.

इसरूची साखर तपासली तर ती तीनशेच्या वर निघाली. खिशातली खर्ऱ्याची पुडी डॉक्टरणीनं पाहिली होतीच. ती म्हणाली, काका, अशात जखम भरणार नाही आणि हाड स्क्रूला धरणार नाही. आधी साखर खाली आणा, खर्रा बंद करा. मग तिनं बुधरीच्या तोंडात पाहिलं, रक्त तपासलं आणि यादीत नाव लिहिलं. इसरूला वाटलं, आपण वाढून घेतलेलं ताट कुणीतरी उचलून बुधरीसमोर सरकवलं.

बुधरी सून खुशबूला घेऊन नागपूरला जाऊन आली. तीन-चार महिन्यांनी पुन्हा गेली आणि परतली ती नवे दात घेऊनच. संध्याकाळी तिनं मूठभर फुटाणे तोंडात टाकले. तो कुडूम कुडूम आवाज इसरूनं भिजवलेली भाकर गिळत ऐकला. दुसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती फुटाणे घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसू लागली. भिंतीपलीकडून येणारा आवाज त्याला आणखीच छळायचा.

पण खाण्याचं दुःख त्यानं सोसलं असतं. बुधरी बोलायला लागली, ते त्याला सोसवेना. विहिरीवर बोलायची, बचत गटात बोलायची. शब्द अगदी स्वच्छ. बाया तिचं ऐकायला थांबायच्या. एकदा शेजारचा पत्रू भांडण घेऊन अंगणात आला. इसरू उठून बसला, तर पत्रू म्हणाला, "भाऊ, बाई घरी हाय का?" त्या दिवशी इसरू जेवला नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तेंदूपत्त्याची सभा ठरली. पानांचे पुडे मोजून घ्यायची जागा, म्हणजे फळी, वर्षानुवर्षं नाल्यापलीकडे भरत होती, ट्रक तिथवर येतो म्हणून. ती जागा इसरूनंच कधीकाळी ठरवली होती. बायांचं म्हणणं, डोक्यावर ओझं घेऊन भर उन्हात नाला का ओलांडायचा, फळी गावाकडे आणा. आणि हे सभेत मांडायचं बुधरीनं कबूल केलं होतं. म्हणजे आता आपल्याच शब्दाच्या विरोधात ती उभी राहणार, तीही आपल्याला न मिळालेल्या दातांनी. सभेच्या दिवशी सकाळी बुधरी सडा टाकत होती, तेव्हा इसरूनं पाण्याच्या वाटीतली तिची कवळी उचलली आणि धानाच्या ढोलीत हातभर खोल खुपसून ठेवली.

बुधरीनं सगळं घर शोधलं. त्यालाही विचारलं. मले काय माहीत, असं तो भिंतीकडे पाहून म्हणाला. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तोंडाला पदर लावला आणि सभेला गेली.

गावाच्या सामाईक घरापुढं, गोटूलासमोर, सगळं गाव बसलं होतं. बुधरी उभी राहिली, बोलू लागली, पण शब्द ओठांतच विरघळत होते. मागून कुणीतरी मोठ्यानं बोला म्हणालं. दोन पोरं हसली. सचिवानं वहीचं पान उलटलं आणि पुढचा विषय घ्यायचा का, असं विचारलं. इसरू कडेला बसला होता. ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं. त्याच्या बोलण्यावर ते किती वेळा झालं होतं, आणि तेव्हा बुधरी कशी मान खाली घालून बसायची, ते त्याला आठवलं. तो उठला. चपला तिथंच राहिल्या. घरी जाऊन ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला, कवळी काढली, धुतली, गमछ्यात गुंडाळली आणि सगळ्यांच्या देखत नेऊन बुधरीच्या हातात दिली. कुठं होती ते कुणी विचारलं नाही. त्याच्या बाहीला चिकटलेला कोंडा सगळ्यांना दिसत होता.

बुधरीनं पाठ फिरवून कवळी दाबून बसवली आणि मग पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. फळी गावाकडे आणायचं ठरलं.

घरी दोघं सोबतच निघाली. वाटेत तिनंच विचारलं, "काऊन लपवली?"

"तुह्यावर जळून राह्यलो होतो," इसरू म्हणाला. "अजूनही जळतो."

"मले माहीत होतं. पण दात लपवसान, असं नाई वाटलं."

त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही, आणि पुढचे आठ दिवसही नाही. त्या आठ दिवसांत इसरूनं खर्ऱ्याची पुडी चुलीत टाकली. दोनदा पुन्हा आणली, दोनदा टाकली. साखरेच्या गोळ्या वेळेवर घेऊ लागला. पावसाळा सरला तेव्हा साखर उतरली होती आणि खर्रा सुटून सहा महिने झाले होते. मग बुधरी त्याला घेऊन नागपूरला गेली.

मंजुषा डॉक्टरणीनं जबड्याचा एक्स-रे फोटो काढला, उजेडापुढं धरला आणि बराच वेळ पाहिला. इसरूचे दात बुधरीच्या कितीतरी आधी गेले होते. इतक्या वर्षांत जबड्याचं हाड झिजून सुरीच्या पातीसारखं राहिलं होतं. त्यात स्क्रू बसणार नव्हता. बाहेरून हाड भरायची मोठी शस्त्रक्रिया असते, पण या वयात, साखरेचा आजार असताना ती नको, असं तिनं स्पष्ट सांगितलं. नीट माप घेऊन साधीच कवळी करून दिली. पहिलीपेक्षा ती पुष्कळ बरी बसली, तरी हलायची ती हलायचीच.

परतीच्या बसमध्ये बुधरीनं पिशवीतून शेंगदाणे काढले आणि हात तसाच थांबवला.

"खा नं," इसरू म्हणाला. "माह्यासमोर खा. पडवीत नोको जाऊ."

ती खाऊ लागली. तो खिडकीकडे तोंड करून बसला. त्याला अजूनही बरं वाटत नव्हतं, आणि ते त्यानं लपवलंही नाही. आरमोरी गेल्यावर बुधरीनं दोन शेंगदाणे चावून बारीक केले आणि हातावर घेऊन त्याच्यापुढं धरले. त्यानं मान हलवून नको म्हटलं. मग तिनं तेही खाल्ले.