नळ धरणारी मावशी

घिवलीला आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा न्हाणीघरातल्या नळावर रोज सकाळी अबोलीचं एक फूल ठेवलेलं असायचं. न्हाणीघर घरमालकीणबाईंचं आणि आमचं एकच. मी त्यांना मावशी म्हणायचे. फूल मला विचित्र वाटायचं, पण नव्या भाडेकरूने फार चौकशा करू नयेत.

एका सकाळी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून मी नळ धरला, आणि कोणीतरी माझी बोटं धरली. ओढली नाहीत, नुसती धरली, थरथरत्या हाताने. मी हात झटकन मागे घेतला.

मावशी दारातून शांतपणे म्हणाल्या, "भिऊ नको गो. आमचे हे हायत ते. गेल्यापासून इतंच येतात. माजा पन हात धरतात."

'हे' म्हणजे मावशींचे यजमान, मागच्या पावसाळ्यात वारलेले. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, तरी नळ धरण्याआधी मी एक बोट टेकवून बघायला लागले. कारण तो हात कधी असायचा, कधी नसायचा. नवऱ्याला सांगितलं, तर स्वारी म्हणाली, चप्पल घालून आंघोळ कर.

मग एक दिवस बालवाडीत जाणारी माझी लेक न्हाणीघरात दिसली. अनवाणी, नळाकडे हात पसरलेला. म्हणाली, "आजोबांना भेटते." मला नवऱ्याचं ते चपलेचं बोलणं आठवलं. तिला उचललं आणि त्याच दुपारी वायरमनला गाठून आणलं.

टेस्टर नळाला टेकताच दिवा लागला. मावशींच्या गीझरमधून करंट झिरपत होता. घराच्या अर्थिंगची तार, इकडे पुष्कळ जण करतात तशी, पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. खाऱ्या जमिनीने तो पाइप खाल्ला, म्हणून यजमान गेल्यावर मावशींनी जमिनीतला तुकडा प्लास्टिकचा बसवून घेतला. करंटला जमिनीत उतरायला वाटच उरली नाही. गीझर चालू असला की तो नळात येऊन थांबायचा. वायरमनने अंगणात नवं अर्थिंग केलं, घरातले सगळे पाइप जाड तारेने त्याला जोडले आणि गीझर दुरुस्तीला नेला.

मी मावशींना सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली. न्हाणीघराच्या दाराशी चपला काढल्या, आत जाऊन नळ धरला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग दुसराही हात ठेवला.

"गेले," त्या म्हणाल्या.

यजमानांना नेलं तेव्हा ही बाई रडली नव्हती, असं शेजारणी सांगायच्या. त्या दुपारी ती ओल्या फरशीवर बसून रडली, आणि लेकीला कडेवर घट्ट धरून मी दारातच उभी राहिले.