मावशीची इर्जिक आणि चारांचा हुकूम

"वर या! सगळे वर या! एकही माणूस चिखलात दिसता कामा नये!"

फौजदार बांधावर उभे राहून ओरडत होते. तो आवाज विसापूरच्या कड्यावर आपटून लोहगडावर गेला, तेव्हा तिथली माकडं कान झाकून बसली. मी काही बघायला गेलो नव्हतो, पण माकडांना विचारलंत तर ती नाही म्हणायची नाहीत. फौजदारांचा एक बूट मागच्या बांधाशी चिखलात राहिला होता आणि एक शिपाई तो दोन्ही हातांनी उपसत होता.

आम्ही निम्मं भाजं गाव मावशीच्या खाचरांत ओणवे होतो. ही मावशी माझीच नव्हे, गावाची. मूलबाळ नाही, नवरा आदल्या उन्हाळ्यात गेलेला, दावणीला बैल नाही. डोंगराच्या पायथ्याला पायऱ्यांसारखी उतरत आलेली तिची खाचरं. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या खाचरात चार म्हशी लोळल्या तर पाचवीनं शेजाऱ्याकडं जावं, एवढी जागा. त्या साली पावसानं मध्येच दडी मारल्यानं आवणी, म्हणजे भाताची लावणी, लांबली होती. राबातलं, म्हणजे बी पेरलेल्या वाफ्यातलं, रोप गुडघ्याला लागलं होतं. अजून दोन-चार दिवस गेले असते, तर ते वैरण म्हणून कापायच्याच लायकीचं राहिलं असतं. म्हणून त्या दिवशी तिची इर्जिक होती.

इर्जिक म्हणजे गावानं आपले बैल आणि आपले हात घेऊन एकाच्या शेतावर जायचं आणि त्याचं काम एका दिवसात उरकायचं. मजुरी कुणी घ्यायची नाही. ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. नियम दोनच. कामाला हात लावल्याशिवाय कुणी जेवायचं नाही आणि जेवू घातल्याशिवाय मालकानं कुणाला सोडायचं नाही. मावशी जन्मभर सगळ्यांच्या चिखलात उभी राहिलेली. मी तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होतो, तरी रजा टाकून आलो होतो. भलरी म्हणायला माझ्याइतका मोठा गळा मावळात दुसरा नव्हता. घाटात इंजिनानं शिटी दिली की लोक आधी माझ्याकडं बघायचे.

दिवस लढाईचे, राज्य इंग्रजांचं. गावाच्या खालून लोहमार्ग जातो. कुठं तरी कुणी तरी रुळाचे बोल्ट काढले म्हणे, म्हणून रुळाकडेच्या सगळ्या गावांना हुकूम आला होता: चारांच्या वर माणसं एका जागी जमायची नाहीत. दवंडी आम्ही ऐकली होती. भजन बंद पडलं होतं. तालमीत कुस्तीला दोघं आणि बघायला दोघं, टाळ्या वाजवायला कुणी नाही. पण आम्हाला वाटलं, जमाव म्हणजे टोप्या घालून, झेंडे घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांचा. वाकलेल्या माणसांचाही जमाव होतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"मी खाली रुळावरून ढकलगाडीनं चाललो होतो," फौजदार म्हणाले. "तिथपर्यंत तुमची आरडाओरड आली. घोषणा कोण देत होतं?"

"घोषणा न्हाई सायेब, भलरी," मी म्हणालो. "आवणी भराभर व्हती त्यानं."

"हा जमाव आहे! तुमचा पोलीस पाटील कुठं आहे?"

रांगेतलाच एक माणूस कमरेवर हात ठेवून सरळ झाला. अंगावर लंगोटी आणि बाकी सगळा चिखल. "हितंच हाय, सायेब."

पाटलाचीही फेड होती. त्याच्या भाताच्या कापणीला मावशी आली होती.

मी पुढं झालो. "सायेब, हुकूम चारांचा हाय न्हवं? मग एका खाचरात चार. मदी बांध हायेतच की."

"बांध म्हणजे काय, भिंत आहे?"

"बांध म्हंजी हद्द, सायेब," पाटील म्हणाला. "इतभर बांधापायी आमच्याकडं डोकी फुटत्यात."

डोकी फुटण्याची भाषा फौजदारांना पटली असावी. त्यांनी मान हलवली. आम्ही चौघाचौघांनी वाटून घेतलं, उरलेल्यांना राबात रोप उपटायला धाडलं, तिथंही चारच. शिपायानं बूट आणून दिला होता, पण त्यात एक खेकडा बसला होता आणि तो निघायला तयार नव्हता. म्हणून फौजदार धोंड्यावर बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "आणि काम झालं की आपापल्या घरी जायचं. पंगत नाही. पंगत म्हणजे उघड उघड जमाव."

मावशी तोवर वरच्या आंब्याखाली चुलीपाशी होती. तिथून पळी घेऊन तरातरा खाली आली.

"निगा रं समदी," ती म्हणाली. "रोप टाका खाली. गुरांस्नी घालते."

"अहो बाई, तुमचंच शेत लागतंय ना!" फौजदार म्हणाले.

"फुकट लागतंय. उद्या ह्येच म्हनतील, म्हातारीला धरम केला. माजं शेत धरमाचं न्हाई."

"आगं मावशे, कोन म्हनतंय?" पाटील म्हणाला.

"तू पयला म्हनशील. तुजं त्वांड मला ठावं न्हाई व्हय?"

कुणी हललं नाही. रोपाच्या जुड्या हातातच राहिल्या. मावशी म्हणाली म्हणजे करणार, हे गावाला माहीत होतं. एकदा दिराशी पैज लावून ती लोहगड उलट्या पावलांनी चढली होती आणि वर पोचल्यावर, सोबत चढून वर उभ्या राहिलेल्या दिराकडं पाठ होऊ नये म्हणून पुन्हा उलटी उतरली. रोप गुरांच्या पुढ्यात पडलं असतं, तर वर्षभर तिनं खायचं काय, हा विचार आम्ही करत होतो. ती करत नव्हती.

मी म्हणालो, "सायेब, चार चार जन आपापल्या बांधावर बसत्याल. वाढनारी येकटी. तिचा कसला आलाय जमाव?"

फौजदारांनी हिशोब केला. "वाढायला ती चौघांत आली की पाच होतात."

"म्या बांधावर येतच न्हाई," मावशी म्हणाली. "खालनं, चिखलातनं वाढते. बांधाच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला ती. झालं?"

फौजदारांनी बोटांवर पुन्हा मोजलं, चारच भरले. शिवाय वारा फिरला होता. मावशीनं ठेवणीतला आंबेमोहोर काढला होता आणि त्याचा वास असा सुटला, की मळवलीला थांबणारी गाडी थांबली ती हलेचना. गार्ड हिरवं निशाण बगलेत धरून डोंगराकडं बघत राहिला. फौजदार सकाळपासून उपाशी होते. त्यांनी घसा साफ केला.

"मावशी, एखादं पान इकडंही..."

"हात लावल्याबिगर इर्जिकीत जेवता येत न्हाई."

"मी सरकारी माणूस आहे."

"मग काय झालं? चिखल धुतला की जातुया."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, पाटलोण गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि जवळच्या खाचरात पाय घातला. तेवढ्यात पाटील आदबीनं म्हणाला, "सायेब, हितं चार हाव. तुमी पाचवं."

कुणी हसलं नाही. ते आम्ही नंतर खाचराखाचरानं, चौघाचौघांनी उरकलं. पाटील बांधावर जाऊन उभा राहिला. फौजदारांनी रोपाची एक चूड घेतली आणि कोपरापर्यंत हात घालून चिखलात रोवली. वर नुसते शेंडे उरले. पुरावा पुरल्यासारखी.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली," मावशी म्हणाली. "हात धुवा."

दुपारी सगळ्या बांधांवर चौकड्या बसल्या. वरच्या बांधावरचा माणूस खालच्याला ओरडून विचारी, "तुला हुलग्याचं कालवान मिळालं का रं?" आणि उत्तर मधल्या बांधावरनं येई. प्रत्येक बांधावर चारांची भरती झालेली, म्हणून हुकूम आणणारा माणूस धोंड्यावर एकटाच जेवला. जेवला म्हणजे कसा, शिपायाच्या वाट्याला पत्रावळीची फक्त टोचणी राहिली. मावशी चिखलातून पातेलं घेऊन सगळ्यांना वाढत फिरली आणि शेवटी पातेलं पालथं घालून दाखवलं. दिवस मावळायच्या आत शेवटचं खाचर लागलं.

हुकूम पुढं पुष्कळ दिवस राहिला. भजन बंदच होतं. पण त्या साली भाज्यात ज्याची ज्याची आवणी उरली होती, ती सगळी चौघाचौघांनी झाली, आणि पंगती बांधावर.

दिवाळीनंतर मावशी आणि मी मळवलीच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभे होतो. तिच्या डोक्यावर नव्या तांदळाची पाटी. फौजदार समोरून आले. बूट दोन्ही होते. त्यांनी मावशीला ओळखलं आणि अगदी घरच्या माणसासारखं विचारलं, "काय मावशी, आमचं भात कसं आलं?"

मावशीनं पाटी सावरली.

"बाकीचं समदं आलं. तुमचं कुजलं. खोल लावलं व्हतं."